तीन फुटांची खिडकी

"टिपेश्वरले चाललो जी काका. चारशेची लेन्स पुरन का?"

होळी झाली, पळस फुलला, की टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला निघालेल्यांचा हा प्रश्न यवतमाळात माझ्या दाराशी येतो. कधी भाचा विचारतो, कधी त्याचा मित्र, कधी कापसाचे पैसे हाती आल्यावर हौसेनं कॅमेरा घेतलेला एखादा शेतकरी. त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. मी उलट विचारतो, "कॅमेरा कोणता? आणि वाघ किती लांब उभा राहणार आहे?" पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यावर तो हसतो. "ते वाघालेच विचारा."

बरोबर आहे त्याचं. पण लेन्सवरचा आकडा आणि समोरच्या वस्तूचं अंतर ही जोडी फोडून बोललं की सल्ला हमखास चुकतो. लोक हा आकडा मोटारसायकलच्या सीसीसारखा वाचतात: जितका मोठा तितकं दमदार यंत्र. खरं तर तो आकडा फक्त कोन सांगतो, समोरच्या शिवाराचा केवढा तुकडा फोटोत येईल तेवढंच. तो कोन डोळ्यांत बसवण्यासाठी मी एक खिडकी आणि एक मूठ वापरतो. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आधी शाळेतली उजळणी. दहावीच्या विज्ञानात 'नाभीय अंतर' होतं. भिंग उन्हात धरून कागद जाळायचा उद्योग आपण सगळ्यांनी केलेला आहे. सूर्याचा ठिपका सगळ्यात बारीक आणि प्रखर होतो, त्या क्षणी भिंग आणि कागद यांच्यात जेवढं अंतर असतं ते नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंथ. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी सेन्सर बसवलेला असतो. लेन्सवर 50 मिमी लिहिलंय म्हणजे दूरचं दृश्य ठळक उमटवण्याच्या बाबतीत ती पन्नास मिलिमीटर अंतराच्या भिंगासारखी वागते. आतल्या काचांची रचना गुंतागुंतीची असते, त्यामुळे लेन्सची लांबी मोजून हा आकडा मिळणार नाही. हिशेब मात्र त्यावरच चालतो.

आता खिडकी. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिमी रुंद आणि 24 मिमी उंच असतो. मिलिमीटरच्या जागी इंच धरा, म्हणजे तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी साधी खिडकी झाली. खेड्यातल्या कितीतरी घरांना एवढी खिडकी असते. तुमचा डोळा म्हणजे लेन्स, खिडकीची चौकट म्हणजे सेन्सर, आणि डोळ्यापासून चौकटीपर्यंतचं अंतर म्हणजे फोकल लेंथ. (कॅमेऱ्यात सेन्सर लेन्सच्या मागे असतो आणि चित्र उलटं पडतं. कोनाच्या हिशेबात त्यानं फरक पडत नाही.)

खिडकीपासून दोन फुटांवर, म्हणजे 24 इंचांवर उभे राहा. गोठा, बाभूळ, बांध, शेजाऱ्याची तूर, सगळं दिसतं. ही 24 मिमीची लेन्स झाली. आडवा कोन साधारण 74 अंश. सव्वाचार फुटांवर मागे या, म्हणजे 50 इंच. गोठा गेला, बाभूळ आणि बांध उरला. कोन 40 अंश. अजून मागे या, घराच्या आत, माजघर ओलांडून थेट तेहतीस फुटांवर. आता खिडकीतून बांधावरच्या बाभळीची एकच फांदी दिसते. हे 400 मिमी झालं, कोन जेमतेम 5 अंश. खिडकी तीच, शिवार तेच. तुम्ही चौकटीपासून जितके लांब गेलात तितकं दृश्य आकसलं. फोटोत मात्र ती एक फांदी पूर्ण कागद भरून छापली जाते, म्हणून आपल्याला वाटतं लेन्सनं फांदी 'जवळ आणली'. लेन्सनं कुणालाच जवळ आणलेलं नाही. तिनं बाकीचं सगळं बाहेर ठेवलं.

यातून एक हिशेब हाताला लागतो. फोकल लेंथ दुप्पट केली की चौकटीत मावणारी रुंदी निम्मी होते आणि उंचीही निम्मी. म्हणजे क्षेत्र पाव. त्यामुळे 24 वरून 50 वर जाताना दृश्यात जबरदस्त फरक पडतो आणि 400 वरून 425 वर जाताना काहीच कळत नाही. दुकानात "ही 500 ची आहे, ती 600 ची" असं ऐकून जीव वरखाली होतो, तेव्हा एवढं आठवावं: त्या दोन लेन्समधला फरक 20 आणि 24 मिमीमध्ये आहे तेवढाच आहे.

ही 36 बाय 24 ची चौकट आली कुठून, असा प्रश्न एखाद्या चौकस वाचकाला पडेल. ती सिनेमातून आली. फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तो 35 मिमी फिल्मवर, आणि त्या फिल्मवरची सिनेमाची एक चौकट 18 बाय 24 मिमीची असे. जर्मनीत ऑस्कर बर्नाकनं तीच फिल्म आडवी चालवून दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. त्या मापाचा लायका कॅमेरा 1925 साली बाजारात आला. शंभर वर्षं झाली, आपण अजून त्याच खिडकीच्या भाषेत बोलतो.

आता मूठ. हात समोर ताठ करा, मूठ वळा, एक डोळा मिटा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. खात्री करायची असेल तर क्षितिजापासून सुरू करून मुठीवर मूठ ठेवत थेट डोक्यावर जा. नऊ मुठी भरल्या पाहिजेत, कारण तो काटकोन आहे. उंच माणसाचा हातही लांब आणि मूठही मोठी असते, त्यामुळे हिशेब बहुतेकांना लागू पडतो.

फुल फ्रेमवर 200 मिमीचा आडवा कोन बरोबर एक मूठ आहे. 100 मिमी म्हणजे दोन मुठी, किंवा ताणलेली एक वीत. 50 मिमी म्हणजे चार मुठी. 400 मिमी म्हणजे अर्धी मूठ, तीन बोटं जोडून धरली की तेवढं. करंगळी एक अंशाची आणि चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणून पौर्णिमेचा चंद्र करंगळीआड सहज लपतो, आणि 400 मिमीनंही तो फोटोच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढाच उमटतो. दरवर्षी कोजागरीला "चंद्र एवढासा का आला?" म्हणून तक्रार येते, तिचं कारण हेच.

ही सवय लावून घ्या. निळोणा धरणाच्या पाळीवर उभे आहात, पलीकडच्या काठावर बगळ्यांचा थवा बसलाय. कॅमेरा बॅगेतच राहू द्या, आधी मूठ धरा. थवा दोन मुठींत मावतो? मग 100. एकच बगळा हवा आणि तो एका बोटाआड जातो? मग तुमच्याकडे जी सगळ्यात लांब लेन्स असेल तीही कमी पडणार आहे, पाळीवरून खाली उतरून वाट शोधा. लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, आणि आमच्या जिल्ह्यात मार्च ते जून धुळीला तोटा नाही. मुठीनं मोजलं की लेन्स निम्म्या वेळाच बदलावी लागते.

टिपेश्वरकडे येऊ. त्यासाठी एक सोपं सूत्र लागतं. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला वस्तूच्या मीटरमधल्या अंतरानं गुणा आणि फोकल लेंथनं भागा. तेवढ्या मीटरचा पट्टा चौकटीत येईल. फुल फ्रेमवर 400 मिमी लेन्स, वाघ 40 मीटरवर: 36 गुणिले 40 भागिले 400, म्हणजे 3.6 मीटर. पूर्ण वाढलेला वाघ शेपटीसकट तीन मीटरच्या आसपास भरतो. आडवा चालला तर नाकापासून शेपटीपर्यंत मावेल आणि पुढे थोडी मोकळी जागाही राहील. उत्तम.

आता तोच वाघ वीस मीटरवर आणा. व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनासाठी 2012 साली ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्यांत वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. टिपेश्वर हे अभयारण्य असलं तरी अंतराचा हा शहाणपणा तिथेही तितकाच लागू आहे. वीस मीटरवर 400 मिमीत 1.8 मीटरच मावतं. शेपूट गेली, मागचे पाय गेले. म्हणजे नियमानं जितकं जवळ जाता येतं तिथेच चारशेची लेन्स जास्त होते. तिथे 200 मिमी पुन्हा 3.6 मीटर देते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पांढरकवड्याच्या बाजूनं आत शिरलो होतो, एप्रिलची सकाळ, कॅमेरा छोट्या सेन्सरचा आणि त्याला 400 मिमीची एकाच फोकल लेंथची लेन्स. तासभर काही नाही. मग रस्त्याच्या कडेच्या उंच गवतातून वाघीण स्वतःच बाहेर आली, उभ्या जिप्सीपासून आठ-दहा मीटरवर, आणि शांतपणे रस्ता ओलांडून सागात गेली. मी चौदा फोटो काढले. चौदाही फोटो अगदी ठळक आहेत. एकात कान आणि अर्धा डोळा, एकात खांदा, बाकी सगळे पट्टे. घरी कुणी विचारलं की मी सांगतो, वाघाच्या अंगावरच्या कापडाचे नमुने आहेत. माझ्या शेजारी बसलेल्या पाहुण्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी 18-55 होती. त्याच्या फोटोत वाघीण आहे, तिच्या पावलांनी उठलेली धूळ आहे, पानगळीतला साग आहे आणि पलीकडच्या जिप्सीत तोंडावर हात धरलेली एक मुलगी आहे. तो फोटो त्याच्या दिवाणखान्यात लावलाय. माझे हार्ड डिस्कमध्ये आहेत.

मी 'छोट्या सेन्सरचा' म्हटलं, ते नेमकं काय, हे सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बहुतेक हौशी लोकांचा कॅमेरा याच जातीचा असतो. याचा सेन्सर साधारण 23.5 मिमी रुंद. कॅननमध्ये किंचित कमी, 22.3 मिमीच्या आसपास. खिडकीच्या भाषेत, तुमच्या तीन फुटी खिडकीला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या ठोकून कुणीतरी तिची दोन फुटी केली. तुम्ही उभे आहात तिथेच आहात, म्हणजे फोकल लेंथ बदललेली नाही. फक्त चौकट लहान झाली, म्हणून कोन घटला. याचा हिशेब दीडपटीचा, कॅननला 1.6 पट. या कॅमेऱ्यावर 400 मिमी लेन्सचा कोन फुल फ्रेमवरच्या 600 मिमीएवढा होतो. 50 मिमी 75 सारखी वागते, आणि एक मूठ भरायला 200 ऐवजी 135 मिमी पुरते. "लेन्सची सहाशे झाली" असं दुकानदार म्हणतो, ते बोलायला सोपं म्हणून. लेन्स चारशेचीच आहे. फळ्या ठोकल्या आहेत. वरच्या गोष्टीतल्या आठ मीटरचं गणित आता करून पाहा: चौकटीत मावलं 47 सेंटिमीटर. पट्टे येणार नाहीत तर काय!

फोनचंही तेच, फक्त फार टोकाला नेलेलं. फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटरच असते, पण सेन्सर इतका चिमुकला की कोन फुल फ्रेमवरच्या 24-26 मिमीएवढा भरतो. भिंतीतला झरोका आणि त्याला नाक लावून उभा माणूस. गॅलरीत फोटोचे तपशील उघडले तर अनेक फोनमध्ये दोन्ही आकडे दिसतात. पडद्यावर 0.5, 1, 2, 3 असे आकडे येतात, त्यांतले कोणते वेगळ्या लेन्सचे आणि कोणते नुसते कापून मोठं केलेले, हे आपल्या फोनपुरतं एकदा शोधून ठेवा. दोन बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे बहुतेक वेळा कात्री. खिडकी कापली, काच तीच.

इथपर्यंतचं गणित झालं. आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो ते.

दृश्याचा तुकडा लेन्स ठरवते, पण दृश्यातल्या वस्तूंचं एकमेकींशी नातं लेन्स ठरवत नाही. ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. हे वाक्य मी निदान शंभर जणांना सांगितलं असेल आणि ऐकून पटलेला एकही नाही. म्हणून अंगणातला प्रयोग करा. तुळशीवृंदावन आहे, आणि त्याच्या मागे पन्नासेक मीटरवर गावची पाण्याची टाकी. तुळशीपासून दोन मीटरवर उभे राहून 25 मिमीनं फोटो काढा. मग आठ मीटरवर मागे जाऊन 100 मिमीनं काढा. फोन असेल तर 1 आणि मग 4 च्या आसपास. दोन्ही फोटोंत तुळस तेवढीच येते. टाकी मात्र दुसऱ्या फोटोत साडेतीन पटीनं मोठी होऊन तुळशीच्या डोक्यावर येऊन बसते. कारण पहिल्या वेळी टाकी तुळशीच्या सव्वीसपट लांब होती, दुसऱ्या वेळी सातपटीला थोडी जास्त. चमत्कार तुमच्या पायांनी केला. लेन्सनं फक्त तुळस पुन्हा तेवढ्याच मापाची करून दिली.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की जिल्हा वेगळा दिसायला लागतो.

वेचणीचे दिवस घ्या. वेचणीच्या मुहूर्ताचं सीतादही झालंय, शेत पांढरं फुटलंय, बायका ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींत शिरल्या आहेत. 24 मिमी घेऊन एका फुटलेल्या बोंडाच्या वीतभर अंतरावर जा. बोंड पुढे मोठं, मागे ओळी पंख्यासारख्या फाकत क्षितिजापर्यंत, बायका लहान, आभाळ भलंमोठं. शेत आहे त्याहून विशाल वाटतं. आता बांधावर जाऊन 200 मिमीनं पाहा. दहा ओळी एकीवर एक चढून बसल्या, बोंडं दाटली, दोन बायकांमधलं पंधरा फुटांचं अंतर नाहीसं झालं आणि त्या खांद्याला खांदा लावून वेचताहेत असं वाटतं. पहिला फोटो शेताचा आहे, दुसरा कामाचा. दोन्ही खरे. पण वर्तमानपत्राला "यंदा कापूस भरघोस" असा मथळा द्यायचा असेल तर दुसरा फोटो निवडला जातो, हे वाचणाऱ्यांनीही ओळखून असावं. एकरी दोन क्विंटलचं शेतसुद्धा लांब लेन्सनं मालामाल दिसतं.

जिनिंगच्या आवारातही तसंच. सरकी काढायला आलेल्या कापसाचे ढीग, त्यांवर उभी माणसं. फाटकापासून, जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन 200 च्या पुढच्या लेन्सनं काढलं की ढिगामागे ढीग उभे राहतात आणि माणसं बर्फात चढाई करणारी वाटतात. आत शिरून रुंद लेन्सनं काढलं की पुढचा ढीग एकटा सगळं खातो.

शकुंतलेचे रूळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आणखी एक गंमत. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी होती, दोन रुळांमध्ये नेमके 762 मिमी. जिथे हे जुने रूळ अजून आहेत तिथे 24 मिमीनं जमिनीलगत बसून फोटो काढला की रूळ पायाशी रुंद आणि पन्नास पावलांवर टोकदार होतात. खेळण्यातल्या गाडीची वाट मोठ्या रेल्वेच्या रुबाबात येते. लांब लेन्सनं तेच रूळ वेडेवाकडे, शिडीसारखे उभे दिसतात. रुळांची नागमोड दाखवायची तर लांबच हवी. कळंबपर्यंत मात्र फेब्रुवारी 2024 पासून वर्ध्याकडून ब्रॉडगेज सुरू झाली आहे. त्या रुळांवर फोटोसाठी उतरू नका. फलाटावरून काय दिसतं तेवढंच.

कळंबला गेलातच तर चिंतामणीच्या मंदिरात रुंद लेन्सची खरी परीक्षा होते. देव जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. मागे सरकायला जागा नाही, म्हणून 18-24 मिमीला पर्याय नाही. (आत फोटोला परवानगी आहे का, ते आधी विचारा. दर्शनाच्या रांगेत कॅमेरा काढून वाट अडवू नका.) अशा जागी चूक होते ती कॅमेरा खाली-वर झुकवण्याची. रुंद लेन्स जरा झुकवली की खांब कलायला लागतात. कॅमेरा सरळ धरा, जास्तीची फरशी किंवा छत येऊ द्या आणि नंतर कापून टाका.

रुंद लेन्सचा दुसरा दोष लग्नात उघडा पडतो. स्टेजवर पंधरा जण, खांद्याला खांदा म्हणजे साडेसात मीटर रुंदी. 24 मिमीनं पाच मीटरवरून सगळे मावतात. पण अगदी कडेला उभ्या माणसाचं डोकं जवळजवळ सव्वापट रुंद होतं, कारण कडेचा प्रकाश सेन्सरवर तिरका पडून पसरतो. माझ्या एका आत्यानं अशा एका फोटोनंतर मला दोन दिवाळ्या फराळ पाठवला नाही. उपाय सोपा आहे. खुर्च्यांच्या दोन रांगा सरकवायला सांगा, दहा-साडेदहा मीटर मागे या आणि 50 मिमीनं काढा. जागाच नसेल तर एका ओळीच्या दोन ओळी करा आणि कडेला सडसडीत भाचे उभे करा.

नवरात्रातल्या आमच्या दुर्गोत्सवाबद्दल फार बोलणार नाही, तिथे प्रत्येकाचं आपलं तंत्र असतं. एवढंच: मंडपाच्या तोंडाशी गर्दीत उभं राहून रुंद लेन्सनं देवी लहान आणि पुढच्यांची डोकी मोठी येतात. चौकाच्या पलीकडच्या टोकाला जा, 85 ते 135 मिमी लावा. डोकी आणि देवी एका मापात येतील, रोषणाईही दाटेल.

चेहऱ्यांना तोच न्याय. फूटभरावरून फोनच्या रुंद लेन्सनं काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, कारण फूटभरावर नाक आणि कान यांच्या अंतरात मोठा फरक असतो. दीड-दोन मीटरवर गेलं की तो फरक नगण्य होतो, आणि तिथून चेहरा चौकटीत भरायला 85 मिमीच्या आसपास लागते. 'पोर्ट्रेट लेन्स' या नावात एवढंच आहे. आजीचा फोटो काढायचा तर फोन 2 किंवा 3 वर ठेवा आणि दोन पावलं मागे व्हा. सुरकुत्या येतील, नाक जागेवर राहील.

आता लांब लेन्सच्या दोन अडचणी. एक हलण्याची. कोन जितका अरुंद तितका हाताचा कंप मोठा दिसतो. जुना नियम असा की शटरचा वेग निदान फोकल लेंथच्या आकड्याएवढा असावा, म्हणजे 400 ला सेकंदाचा चारशेवा भाग. छोट्या सेन्सरवर दीडपट धरा, सहाशेवा. जिप्सीत तिवई उभी करता येत नाही. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, तिच्यात तांदूळ किंवा सरकी भरा आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. दुकानातल्या महागड्या बॅगेइतकीच ती काम करते.

दुसरी अडचण उन्हाची, आणि ही विदर्भाबाहेरच्या पुस्तकांत पुरेशी लिहिलेली नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 वर जातो, सकाळी नऊनंतर जमिनीवरची हवा तापून थरथरायला लागते. लांबच्या पाणवठ्यावरचा वाघ 600 मिमीतून पाण्याखाली असल्यासारखा डुचमळतो. लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात. लेन्सला काही झालेलं नसतं. तुम्ही शंभर मीटर तापलेल्या हवेतून पाहताय आणि लांब लेन्स त्या हवेलाही मोठं करून दाखवते. त्यावर इलाज पहाटेची वेळ आणि कमी अंतर. त्या उन्हात मी लांबच्या प्राण्याचा नाद सोडतो आणि रुंद लेन्स लावून पाणवठा, कोरडा नाला, पानं झडलेला साग आणि त्यात ठिपक्याएवढा वाघ असं चित्र काढतो. 2019 साली टिपेश्वरातून निघालेला, गळ्यात कॉलर असलेला तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. अशा जनावराची गोष्ट नुसत्या चेहऱ्याच्या फोटोत सांगता येत नाही. त्याच्याभोवतीचं रान किती, शेतं किती, रस्ते किती, हे दाखवायला कोन रुंदच लागतो.

मग घ्यायची कोणती? फार लोक आधी लेन्स घेतात आणि मग तिच्यासाठी विषय शोधत हिंडतात. उलटं करा. मागच्या वर्षभरातले तुम्हाला स्वतःला आवडलेले पन्नास फोटो काढा आणि प्रत्येकाच्या तपशिलात फोकल लेंथ पाहा. पन्नासातले पस्तीस 18 ते 35 मधले निघाले तर तुम्ही माणसांचे आणि जागांचे फोटोग्राफर आहात, चारशेच्या लेन्सचे पैसे वाचवा. तीसेक फोटो झूमच्या शेवटच्या टोकाला, 250 किंवा 300 वर काढलेले आणि वर कापलेले दिसले, तर तुम्हाला खरंच लांब लेन्स लागते. नव्या माणसाला मी 18-55 आणि 70-300 किंवा 55-250 एवढंच सुचवतो. 100-400 ही टिपेश्वरसाठी सगळ्यात व्यवहारी, कारण वाघ जवळ आला तर मागे येता येतं. मोठ्या एकाच फोकल लेंथच्या लेन्सचा मोह असेल तर एक भागाकार करा, फोकल लेंथ भागिले लेन्सवरचा f-आकडा: 400 भागिले 2.8, म्हणजे 143 मिमी. प्रकाश आत घ्यायला पुढची काच निदान तेवढ्या व्यासाची लागते. तिचं वजन आणि किंमत तिथूनच येते. 400 भागिले 5.6 केलं तर 71 मिमी. हौशी माणसाच्या खांद्याला आणि खिशाला तेवढी पुरते. आणि एवढं करूनही मन मानत नसेल तर नागपूरसारख्या शहरात लेन्स भाड्यानं मिळतात. एका सफारीपुरती आणा, घरी येऊन फोटो पाहा, मग ठरवा.

भाच्याला मी शेवटी 100-400 नेऊ दिली, पण दुसऱ्या कॅमेऱ्यावर 18-55 लावून मांडीवर ठेवायची या अटीवर. वाघ दिसला नाही. त्यानं सुन्ना गेटच्या वाटेवर उजेडात उभ्या असलेल्या सांबराचा फोटो आणलाय, 130 मिमीनं काढलेला, आणि तो चांगला आहे.

पावसाळ्यात टिपेश्वरची सफारी बंद असते. तुळशीवृंदावनाचे ते दोन फोटो काढून पाहायला तेवढे महिने पुष्कळ झाले.